अल्ट्रासॉनिक आवाजातून डेटा पाठवताय? या चुका टाळा

हॅम (हौशी रेडिओ) मंडळींचे डिजिटल मोड, म्हणजे मजकूर टोनांत बदलून पाठवायच्या पद्धती, स्पीकरवर १९-२० किलोहर्ट्झला वाजवायचे आणि मायक्रोफोनने पकडायचे. ना अँटेना लागतो, ना परवाना. तरीही प्रयोग फसतात, कारण आपण ध्वनीला रेडिओसारखंच वागवतो.

सगळ्यात जास्त घोळ डॉप्लरमुळे, म्हणजे हालचालीने फ्रिक्वेन्सी सरकल्यामुळे होतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ३४३ मीटर. फोन हातात धरून सेकंदाला एक मीटर चाललात, तरी २० किलोहर्ट्झचा टोन सुमारे ५८ हर्ट्झ सरकतो. १४ मेगाहर्ट्झच्या रेडिओवर हीच हालचाल ०.०५ हर्ट्झचा फरक पाडते. एफटी८ या डिजिटल मोडमध्ये शेजारच्या दोन टोनांत अंतरच ६.२५ हर्ट्झ, तिथे काय टिकणार? टोनची फेज उलटवून अक्षरं पाठवणाऱ्या पीएसके३१ चीही तीच गत. दोन्ही उपकरणं टेबलावर ठेवा. हलवायचीच असतील तर रुंद शिफ्टचं एफएसके घ्या, म्हणजे एकमेकांपासून लांबच्या टोनांत बदल करून डेटा पाठवा.

सिग्नल जोरदार दिसतो, पण अक्षरं कचरा येतात? भिंतींवर संशय घ्या. ३.४ मीटर जादा फिरून आलेला प्रतिध्वनी १० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ३०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ३०० सिंबॉल (सिग्नलचे तुकडे) पाठवताना, एक सिंबॉल ३.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे प्रतिध्वनी थेट पुढच्या सिंबॉलांवर आदळतो. आवाज वाढवून उपयोग नाही, प्रतिध्वनीही तेवढाच वाढतो. बॉड रेट कमी करा.

वॉटरफॉलवर (फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) काहीच नसेल तर आधी सॅम्पलिंग रेट बघा. पकडता येणाऱ्या फ्रिक्वेन्सीचं छत त्याच्या निम्मं: ४४.१ किलोहर्ट्झला २२.०५ चं, ४८ ला २४ चं. ब्लूटूथ टाळा, फोनमधलं नॉइज सप्रेशन बंद करा; दोन्हीकडे वरच्या फ्रिक्वेन्सी छाटल्या जाऊ शकतात. एकदा १५ ते २२ किलोहर्ट्झ स्वीप (सलग चढत जाणारा टोन) वाजवून स्पीकर-माइकची जोडी कुठे दम तोडते ते पाहा आणि त्याच्या खालीच काम करा. हा कंटाळवाणा भाग बहुतेक जण गाळतात.

'ऐकू न येणाऱ्या' सिग्नलमधून टिकटिक येतेय? लेव्हल जास्त आहे. पीएसके३१ मध्ये फेज उलटताना आवाज शून्यापर्यंत उतरतो. क्लिपिंग झालं, म्हणजे आवाजाचे शेंडे छाटले गेले, की तो आकार मोडतो आणि स्पेक्ट्रम पसरतो.

राहिलं मिक्सिंग, म्हणजे मोडचा ऑडिओ वरच्या फ्रिक्वेन्सीला नेणं. १.५ किलोहर्ट्झचा ऑडिओ १९ किलोहर्ट्झच्या टोनने नुसता गुणला तर २०.५ सोबत १७.५ वरही प्रतिमा उमटते, आणि ती तरुण कानांना बोचते. १९ च्या वर-खाली उमटणाऱ्या या दोन प्रती म्हणजे साइडबँड. एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीने एकच साइडबँड ठेवा, तोही वरचा. खालचा ठेवलात तर टोनांचा क्रम उलटतो: दोन टोनांवर चालणारं आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) वाचता येत नाही, बीपीएसके (पीएसके३१ सारखं फेज उलटवणारं) मात्र बिनधास्त डीकोड होतं. त्यामुळे बीपीएसके चालतंय म्हणून साइडबँड बरोबर आहे असं धरून चालू नका.