बर्फ काढायच्या ट्रॅक्टरचे टायर: या चुका टाळा

अमेरिकेतल्या बफेलोच्या दक्षिणेला, ईरी सरोवराच्या पट्ट्यात राहणाऱ्याला बर्फाचं नवल उरत नाही. सरोवराचं पाणी अजून कोमट असतं, वरून गार वारा येतो, ओल उचलतो आणि किनाऱ्यामागच्या गावांवर ओतून मोकळा होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्गला एकाच वादळात ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला. अशा ठिकाणी चार-पाच एकर जागा आणि रस्त्यापासून घरापर्यंतचा लांब ड्राइव्हवे घेतला की छोटा ट्रॅक्टर ओघानंच येतो. तो घेताना हॉर्सपॉवर, लोडर (पुढची उचलायची बकेट), सीट, अगदी रंगावरसुद्धा महिनाभर खल चालतो. टायर मात्र ‘डीलरने लावून दिलेत तेच’. मग डिसेंबर उजाडला की मला फोन सुरू होतात, आणि दरवर्षी तेच प्रश्न असतात.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे टायरमध्ये पाणी भरणं. आपल्याकडे वजनासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. चिखलणीला, नांगरटीला, उसाची ट्रॉली ओढायला ते उत्तमच. आमच्या ओळखीतल्या सांगलीकडच्या एका गड्यानं इथे तेच केलं. सप्टेंबरात बागेतला पाइप लावला आणि दोन्ही मागचे टायर पाऊणभर भरले. मी टोकलं, तर म्हणाला, “दादा, गावाकडं आम्ही असंच करतो.” गावाकडं पारा शून्याखाली वीस अंश जात नाही, हे सांगून झालं. “टायर जाड असतोय, आतलं पाणी कुठं गोठतंय,” हे त्याचं उत्तर.

जानेवारीत पहिली कडक थंडी पडली. ट्रॅक्टर आठवडाभर शेडमध्ये एकाच जागी उभा होता. टायर फुटला नाही. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, पण वर हवेला जागा असल्यानं तेवढं सामावलं. खालच्या भागात मात्र बर्फाचा एकसंध ठोकळा तयार झाला होता. यानं चावी मारली आणि निघाला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला धाडकन आपटी. तिथेच थांबला असता तरी निभावलं असतं, पण गडी घाईत. ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत रेटत नेला, तेवढ्यात ठोकळा आत सरकला आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उखडला. पुढचे कितीतरी दिवस घरातल्या सगळ्यांनी फावडी मारली. उन्हात ठेवून वितळेल म्हणाल, तर जानेवारीत इथे ऊन फक्त दिसायला असतं.

वजन हवंच, पण न गोठणाऱ्या द्रवाचं. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण स्वस्त आणि जड, लिटरला १.३ किलोच्या आसपास, पण गळलं की रिम खाऊन टाकतं. बीटच्या रसापासून केलेला द्रव जवळपास तितकाच जड आणि गंजवत नाही, म्हणून मी तोच भरून घेतो. महाग आहे, पण एकदाच भरायचा. काचा धुवायचा निळा द्रव स्वस्त पडतो. फक्त पाण्यापेक्षाही थोडा हलका, आणि बाटलीवर उणे २० फॅरनहाइट लिहिलेलं बघूनच घ्या. उन्हाळ्यातला घेतलात तर तो पाण्यासारखाच गोठतो. गाडीचं साधं अँटिफ्रीझ, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, भरू नका. गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात. काहीही भरलं तरी व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंतच. वरची हवा तशीच राहू द्या.

दुसरा गैरसमजही गावाहूनच आलेला: जितके खोल दात, तितकी पकड. आपल्या डोळ्यासमोरचा ट्रॅक्टरचा टायर म्हणजे तिरप्या उंच दातांचा, इथल्या भाषेत आर-१. काळ्या रानात तो राजा. मातीत रुततो आणि फिरता फिरता चिखल झटकून देतो. फूट-दीड फूट भुसभुशीत, न तुडवलेल्या बर्फात तो इथेही छान चालतो. पण तुमचा ड्राइव्हवे म्हणजे रान नव्हे. एकदा बर्फ काढला की खाली डांबर किंवा काँक्रीट, आणि त्यावर दाबला गेलेला पातळ थर. तिथे दात रुतायला काही नसतंच. रबराच्या मोजक्या पट्ट्या टेकतात आणि घसरतात. दाबलेल्या बर्फावर पकड येते ती पुष्कळ बारीक कडांमुळे आणि खाचांत अडकून राहिलेल्या बर्फामुळे. बर्फ बर्फाला धरतो. सगळं झटकून टाकणारा टायर तिथे उलटा पडतो. फिनलंडमध्ये हे केव्हाच ओळखलंय. आजच्या नोकियन टायर कंपनीच्या पूर्वसुरींनी ट्रकसाठी हिवाळी टायर काढला तो १९३४ मध्ये, आणि तिथल्या रस्त्यांवर बर्फ काढणाऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरांना आजही दातांऐवजी ठोकळ्यांची नक्षी असते.

म्हणून हिरवळीवर चालवायचा, उथळ नक्षीचा आर-३ टायर, ज्याला लोक हसतात, तो सपाट ड्राइव्हवेवर आर-१ ला मागे टाकतो. ओल्या, जड बर्फात त्याच्या खाचा बुजतात आणि बाजूच्या भिंती नाजूक, हे मान्य. डीलर बहुधा आर-४ देतो: रुंद, कडक, लोडरच्या कामाला दणकट. दाबलेल्या बर्फावर तो, टायरवर चढवायच्या लोखंडी साखळीशिवाय, अगदी बेभरवशाचा. आर-४ असेल तर साखळ्यांचे पैसे ट्रॅक्टरच्या किमतीतच धरा.

साखळी घेतानाही स्वस्त बघून घाई नको. आडवी साखळी दर चार कड्यांनी असेल तर मधल्या जागेत नुसतं रबर टेकतं आणि चाक धक्के खात जातं. दर दोन कड्यांनी असलेली घ्या. आर-१ असेल तर ही शिडीसारखी साखळी दातांच्या मधे पडते आणि तिचा काही उपयोग राहत नाही. त्याला आडव्या कड्यांना उभे दुवे जोडलेला प्रकारच लागतो. घ्यायच्या आधी टायर आणि मडगार्ड यांच्यात हात घालून बघा, जागा आहे का. घातल्यावर थोडं चालवा, उतरा, पुन्हा आवळा. ही उतरायची पायरी सगळे गाळतात, आणि मग सुटलेली साखळी मडगार्ड फाडते.

उताराचं तेवढं नीट ऐका. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. पुढे बकेट भरलेली, मागे वजन नाही, टू-व्हील ड्राइव्हमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) गाडी खाली निघाली, की मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक दाबून काही होत नाही. चालवायच्या पेडलवरचा पाय काढून गाडी आपोआप मंदावेल म्हणाल, तरी तेच, कारण तो अडथळाही मागच्याच चाकांना जातो. उतारावर फोर-व्हील ड्राइव्ह लावा म्हणजे पुढची चाकंही धरतील, बकेट जमिनीलगत ठेवा, मागे बॉक्स ब्लेड (माती सपाट करायचं जड अवजार) किंवा वजनाची पेटी अडकवा. साखळी एकाच जोडीची परवडत असेल तर ती मागे घाला. उतार संपून कोरडा डांबरी रस्ता लागला की फोर-व्हील काढा, नाहीतर पुढचा गिअर बोंबलतो.

बाकीच्या किरकोळ. पुढे एका प्रकारचे आणि मागे दुसऱ्या प्रकारचे टायर घालू नका; फोर-व्हीलमध्ये दोन्हींच्या घेराचं प्रमाण ठरलेलं असतं. तापमान दर साडेपाच अंश सेल्सिअस उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयनं घटते, तेव्हा ऑक्टोबरात मोजलेली हवा जानेवारीत धरू नका. जुने टायर स्वस्तात मिळतायत म्हणून उचलायचे झाले तर आधी बाजूवरचा तारखेचा कोड शोधा. बहुधा शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. दहा वर्षांचं रबर दिसायला कोरं असलं तरी थंडीत लाकूड झालेलं असतं.

आणि बकेट खाली इतकी दाबू नका की पुढची चाकं उचलली जातील. लोक असं दाबून घासतात, ट्रॅक्टर जागेवर फिरतो, आणि मग मला फोन करून विचारतात की टायर खराब निघाले का.