वाइडबँडचा काटा नाचतोय? रविवारी बॉनेट उघडण्याआधीची तयारी

वाइडबँड म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचं प्रमाण (एअर-फ्युएल रेशो) गेजवर दाखवणारा सेन्सर. आयडलिंगला १४.७, मग एकदम १७, मग १३, पुन्हा १७. असं दिसलं की हात आपोआप लॅपटॉपकडे जातो आणि फ्युएल मॅप (किती पेट्रोल सोडायचं ते सांगणारा तक्ता) ओढावासा वाटतो. लॅपटॉप लागणारच आहे, पण फक्त लॉग बघायला. आजच्या मॅपची प्रत तारीख टाकून पेनड्राइव्हवर ठेवा आणि आकडा खरा आहे हे पटेपर्यंत मॅपला हात लावू नका. मी एका मित्राच्या गाडीत दोन रविवार पेट्रोल वाढवत बसलो होतो. दोष निघाला बॅटरी ट्रेखालच्या एका बोल्टात: वर चकचकीत, खाली वॉशर आणि पत्र्याच्या मध्ये रंगाचा अखंड थर, आणि त्या थरावर आमची अर्थिंगची वायर.

तेव्हा पहिलं काम शनिवारचं. गाडी पूर्ण गरम करून वीस मिनिटं चालवा आणि लॉग घ्या. त्यात आरपीएम, थ्रॉटल, बॅटरी व्होल्टेज आणि वाइडबँड हे चार कॉलम हवेतच. सोबत कुणाला तरी बसवा आणि गेजचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. हा व्हिडिओ फार कामाचा आहे. गेज स्थिर आणि लॉग नाचतोय, तर दोष गेजपासून ईसीयूपर्यंतच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंतच्या) वायरीत. दोन्ही एकत्र नाचतायत, तर सेन्सर, त्याचा सप्लाय किंवा सायलेन्सरची लाइन. अर्धी शोधाशोध इथेच वाचते. एक मात्र लक्षात ठेवा, खंबाटकी उतरताना पाय काढला की इंजेक्टर बंद होतात आणि गेज लीनच्या (हवा जास्त, पेट्रोल कमी) टोकाला जातो. तो दोष नाही, लॉगमधल्या त्या जागांवर आधीच खूण करून ठेवा.

सेन्सर कोणता आहे ते वाचून वहीत लिहा. बॉशचा एलएसयू ४.२ आणि ४.९ दिसायला भाऊभाऊ, पण एकाचा कंट्रोलर (सेन्सर चालवणारं सर्किट) दुसऱ्याला बहुतेक वेळा चालत नाही. सेन्सरकडून पाच वायरी येतात आणि कपलरच्या पलीकडे सहा निघतात, कारण कपलरमध्येच त्या सेन्सरपुरता जुळवलेला एक छोटा रेझिस्टर असतो. आधीच्या कुणी कपलर कापून वायरी पिळून जोडल्या असतील, तर तो रेझिस्टर कचऱ्यात गेला आणि कॅलिब्रेशनही त्याच्याबरोबर गेलं. तसं दिसलं तर पुढचं काही तपासत बसू नका.

मल्टिमीटरची बॅटरी नवी घाला. ४.९ असेल तर गार सेन्सरचा हीटर, म्हणजे करडी आणि पांढरी वायर, साधारण ३ ओम दाखवतो. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर फसाल. बाकीच्या वायरींवर ओमची रेंज लावू नका, मीटरच्या करंटने आतला सेल बिघडू शकतो.

आता अर्थिंग. इथे घाई नको. दोन लांब वायरी, क्रोकोडाइल क्लिपा, वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि दातेरी वॉशर काढून ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, रेडिएटरचा फॅन फिरत असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पीन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पीन गेजच्या अर्थला लावा. काही मिलिव्होल्ट ठीक. पाव व्होल्टच्या आसपास दिसलं तर चोर सापडला. हिशोब करून बघा: एईएम कंपनीच्या एक्स-सीरिज गेजमध्ये ईसीयूकडे जाणाऱ्या ॲनालॉग आउटपुटच्या दर व्होल्टमागे २.३७५ एअर-फ्युएल रेशो बदलतो, म्हणजे अर्थमधला ०.२ व्होल्टचा फरक लॉगमध्ये जवळपास अर्ध्या पॉइंटने खोटं बोलतो. गेजवर १४.७, लॉगमध्ये १५.२. शिवाय हीटर सतत चालू-बंद होत करंट ओढत असतो, म्हणून फरक एका जागी न थांबता नाचतो. हीटरची अर्थ जाड वायरीने इंजिन ब्लॉकला किंवा बॅटरीला घ्या. सिग्नलची अर्थ वेगळी असेल तर ती ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच. सप्लायसाठी स्वतःचा फ्यूज आणि रिले हवा. इग्निशन कॉइल किंवा पेट्रोल पंपाच्या वायरीतून चोरून घेतलेला नको.

दुसरा मोठा गुन्हेगार सेन्सरच्या आधीची गळती. मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा बंगचं (सेन्सर बसवायच्या आट्यांच्या नटाचं) वेल्डिंग जरासं फाटलं तरी धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर लीन दाखवतो. आयडलिंगला जास्त, रेस दिली की कमी. यासाठी घरातला ब्लोअर होणारा व्हॅक्यूम क्लीनर, जुनं फडकं आणि स्प्रेच्या बाटलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी. ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने घट्ट बसवा, जॉइंटवर साबण मारा. गळती असेल तिथे बारीक बुडबुड्यांची ओळ उठते, कधीकधी बोल्टच्या मागच्या बाजूला, म्हणून आरसा आणि टॉर्चही हवा. हे इंजिन गार असतानाच करायचं, म्हणून सकाळी चावी फिरवायच्या आधी. एकदा गाडी चालू केली की दुपारपर्यंत चहा पीत बसावं लागतं. (घरच्यांना व्हॅक्यूम क्लीनर परत कसा द्यायचा हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.)

प्लगचा पाना आणि एक चांगला जुना प्लग पिशवीत टाका. मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून न पेटणं) असलेलं इंजिन गेजवर लीन दिसतं, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे जातो. पेट्रोल वाढवलं की मिसिंग आणखी वाढतं. लीन म्हणून ओरडणारी गाडी प्रत्यक्षात रिच (पेट्रोल जास्त) असू शकते, ती अशी.

सेन्सर कुठे बसलाय त्याचा फोटो काढा. तोंड वर असेल, म्हणजे वायरींची बाजू आडव्या रेषेच्या वर किमान १० अंश नसेल, तर सायलेन्सरमधलं पाणी त्यावर साठतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं. टर्बो असेल तर त्याच्या नंतरच बसवा, टर्बोच्या आधीचा दाब आकडा बिघडवतो. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर गेलाच समजा. कार्ब क्लीनरने धुवायचा मोह टाळा. गॅस्केटला कुणी स्वस्तातला सिलिकॉन लावलाय का तेही विचारून ठेवा, त्याची वाफ सेन्सरला विष आहे.

पेट्रोलचीही नोंद हवी. ई२० चा रेशो साधारण १३.५ ला जुळतो, पण गेज लॅम्डाला (जुळलेल्या मिश्रणाला १ मानणारा आकडा) १४.७ ने गुणून दाखवतो, त्यामुळे पंपावरचं पेट्रोल बदललं तरी जुळलेली गाडी १४.७ वरच दिसते. १३.५ दाखवायला हवं म्हणून मॅप बदलणारे मी पाहिलेत. सरळ लॅम्डा दाखवायला लावा, वाद मिटतो.

शेवटी २२ चा पाना आणि नवा सेन्सर. नवा सेन्सर डिकीत असू द्या, पण सील फोडू नका. आधी जुना काढून, धुरापासून लांब, मोकळ्या हवेत लटकवून कंट्रोलर चालू करा. तिथेही काटा टोकाला जाऊन स्थिर राहत नसेल, आणि कपलर, सप्लाय, अर्थ तपासून झालं असेल, तर मग खोकं उघडा. तुमचा कंट्रोलर मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन मागणारा असेल तर ते याच वेळी उरका. बसवताना अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला थेंबही नको.