आईंचे गुडघे, पोरांची सुट्टी आणि बोटीची निवड

क्रूझची चौकशी केली की दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर बोटींचे फोटो येऊन पडायला लागतात. ते थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी एक कोरा कागद घ्या आणि घरातून कोण कोण येणार त्यांची नावं, वयं आणि प्रत्येकाची एक अडचण लिहून काढा. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरात हा कागद म्हणजे संपलेल्या महिन्याच्या दिनदर्शिकेची मागची बाजू होती. सासूबाई, म्हणजे आई, ७४, गुडघे दुखतात आणि बोट लागते. सासरे ७९, रात्री दोनदा उठतात. आम्ही दोघं, दीर आणि जाऊबाई. मुलगी १४ वर्षांची, पुतण्या पाच वर्षांचा. नावं उभी, कंपन्या आडव्या. माझं मत पक्कं झालंय की आठ माणसांच्या सफरीसाठी कंपनी निवडायची ती या कागदातल्या सगळ्यात नाजूक दोन माणसांकडे बघून. आमच्याकडे ती दोन माणसं म्हणजे आई आणि पाच वर्षांचा पुतण्या. या दोघांचं नीट झालं की बाकीचे सहा जण कुठल्याही बोटीवर खूश राहतात.

मग सुट्टी आणि समुद्र यांची गाठ घाला. आपल्या शाळांना मोठी सुट्टी उन्हाळ्यात, त्याखालोखाल दिवाळीत. मुंबईहून कोर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ बोट गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाते, पण त्या सफरी बहुतेक दोन ते पाच रात्रींच्या. शिवाय पावसाळ्यात आपला पश्चिम किनारा खवळलेला असतो. दुबईहून निघणाऱ्या आखाती सफरी थंडीतल्या, म्हणजे जमल्या तर दिवाळीनंतरच्या, आणि त्याही त्या भागातली परिस्थिती बघूनच ठरवाव्यात. सिंगापूरहून बोटी बाराही महिने सुटतात, पण तिथेही तीन-चार रात्रींच्या सफरी जास्त. मे महिन्यात सलग सात रात्री हव्या असतील तर भूमध्य समुद्र उत्तम: हवा बरी, आणि जवळजवळ रोज एक बंदर. अलास्काचा हंगामही मे ते सप्टेंबर, पण त्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि आठ जणांचा तो वेळेत हाती येईल यावर मी सुट्टी बेतणार नाही.

कंपन्यांची नावं बघून घाबरून जाऊ नका. नावं खूप, मालक थोडे. कोस्टा, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कुनार्ड हे सगळं कार्निव्हल समूहाचं. सेलिब्रिटी ही रॉयल कॅरिबियनच्या समूहातली, ओशियानिया ही नॉर्वेजियनच्या. एमएससी एका कुटुंबाची खाजगी कंपनी आहे, मुख्यालय जिनिव्हाला. काही नावांवर तर लगेच काट मारता येते: व्हायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस या दोन्ही कंपन्या १८ वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. एखाद्या घरात तान्हं बाळ असेल तर बहुतेक कंपन्यांची अट किमान सहा महिन्यांची असते, आणि लांब समुद्र ओलांडणाऱ्या सफरींना बारा महिन्यांची. घरात कोणी गरोदर असेल तर सफर संपण्याआधी २४ वा आठवडा लागणार नाही ना, हे मोजा. चढताना चालेल असं वाटून नंतर धक्क्यावरूनच परत यावं लागू नये.

आता बोटीच्या आकाराबद्दल, कारण इथे माहितीपत्रकं फार फसवतात. बोट मोठी म्हणजे मोकळी, असं नाही. बोटीचं ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नसून आतल्या जागेचं माप असतं. त्याला एका केबिनमध्ये दोघं या हिशेबाने होणाऱ्या प्रवाशांच्या संख्येने भागा. उत्तर जेवढं मोठं, तेवढी दर माणशी मोकळीक जास्त. एम्प्रेस ही १९९० ची बोट, टनेज साधारण ४८,५००, प्रवासी सोळाशेच्या आसपास. उत्तर तीसच्या जवळ येतं. सिंगापूरची ‘गेंटिंग ड्रीम’ दीड लाख टनेजची, प्रवासी साधारण ३,३५०, उत्तर पंचेचाळीस. रॉयल कॅरिबियनची ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ टनेजची, पण प्रवासीही ५,६१०, म्हणून उत्तर चव्वेचाळीसच. म्हणजे आयकॉन प्रचंड आहे, पण दर माणशी मोकळीक गेंटिंग ड्रीमएवढीच. शिवाय ती ३६५ मीटर लांब आहे. केबिन एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला आला तर आईंची दिवसातून तीन वेळा तेवढी पायपीट. म्हणून मी डेकचा नकाशा छापून घेतला आणि लिफ्ट, जेवणाचा हॉल, आपली केबिन यांवर पेन्सिलीने गोल केले.

केबिनबद्दल मी जरा आग्रहाने लिहिते, कारण इथे आम्हाला फटका बसला आहे. आमच्या पहिल्या छोट्या सफरीत एका एजंटने ‘व्ह्यू चांगला’ म्हणून आईंना वरच्या डेकवरची, अगदी बोटीच्या नाकाजवळची केबिन दिली. आईंनी तोवर पाण्यातला प्रवास केला होता तो गंगापूर धरणावरच्या बोटीतला. दुसऱ्या रात्री वारा सुटला आणि त्यांना बोट लागली. मी पहाटे चारपर्यंत त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. बोट हलते तेव्हा पुढचं आणि मागचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं आणि वरचे मजले जास्त डोलतात. मधला, खालचा भाग सगळ्यात शांत. त्यामुळे ज्याला बोट लागते त्याची केबिन मध्यभागी आणि खालच्या डेकवर, मग खिडकी मिळो न मिळो. स्वस्तातलं ‘गॅरंटी’ बुकिंग घेतलं तर केबिन कुठली द्यायची ते कंपनी ठरवते. तरुण जोडप्याला ते परवडेल, सासू-सासऱ्यांसाठी घेऊ नका. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच न्या, वयस्करांना काही गोळ्यांनी फार गुंगी येते. आलेपाकाच्या वड्या मात्र माझ्या पर्समध्ये असतातच.

एका केबिनमधल्या चौथ्या माणसाचं तिकीट स्वस्त दिसतं, कारण तो भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर झोपणार असतो. शिडी चढून तिथे कोण जाणार, हे आधी ठरवा. आमच्या आठ जणांसाठी तीन केबिन, आणि त्यातल्या दोन आतल्या दाराने जोडलेल्या, असा हिशेब बसला. रात्री सासरे उठले तर मला आवाज यायला हवा. ‘शेजारी-शेजारी’ आणि ‘आतून जोडलेल्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुकिंगच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा.

जेवणाचं प्रत्येक कंपनीला लेखी विचारा. नुसतं ‘शाकाहारी मिळेल का’ असं विचारलं तर सगळीकडे हो म्हणतात आणि मग ताटात उकडलेल्या भाज्या येतात. भारतीय शाकाहारी रोज मिळेल का, जैन जेवण आधी कळवावं लागतं का, किती दिवस आधी, असं विचारा. कोर्डेलिया आणि गेंटिंग ड्रीमवर हा प्रश्न फारसा येत नाही. युरोपातल्या बोटींवर बुकिंग करतानाच नोंद करून घ्यावी लागते. जेवणाच्या वेळेचंही बघा. नॉर्वेजियनची ख्याती हव्या त्या वेळी जेवण्याची आहे. बऱ्याच बोटींवर रात्रीच्या जेवणाला ठरलेल्या पाळ्या असतात, लवकरची आणि उशिराची. पाच वर्षांच्या पोराला उशिराची पाळी म्हणजे ताटावरच झोप.

आणि उपास. त्या छोट्या सफरीत नेमकी संकष्टी आली. मुख्य हॉल बंद व्हायची वेळ झाली, चंद्राचा पत्ता नाही. आई डेकच्या कठड्याला धरून, पदर डोक्यावरून घेऊन उभ्या होत्या, हातात वाटीभर पाणी आणि दूर्वांची पुडी. ढगातून चंद्र वर आला तेव्हा स्वयंपाकघरात फक्त पाव, फळं आणि बटाट्याच्या काचऱ्या उरल्या होत्या. म्हणून आता सफरीच्या तारखा ठरवताना मी आधी संकष्टी आणि एकादशी बघते, आणि तो दिवस आलाच तर उशिरापर्यंत चालणारा बुफे बोटीवर आहे का ते विचारते. दिनदर्शिकेतला चंद्रोदय आपल्याकडचा असतो. सिंगापूरला किंवा युरोपात घड्याळही वेगळं आणि चंद्रोदयही, तो तिथला शोधून लिहून न्यावा लागतो.

पैशांची तुलना तिकिटाच्या आकड्यावर करूच नका. भाडं, बंदराचे कर, दर माणशी दर दिवशीची टिप (मोठ्या कंपन्यांत साधारण १५ ते २० डॉलर, आणि ती पाच वर्षांच्या मुलालाही लागू शकते), इंटरनेट, शीतपेयं, बंदरावरच्या सहली, व्हिसा, विमा, विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, नाशिक-मुंबई गाडी. युरोपातल्या काही बोटींवर जेवणाच्या टेबलावर आलेली पाण्याची बाटलीसुद्धा बिलात लागते. हे सगळं जोडून आठांनी आणि रात्रींच्या संख्येने भागा, म्हणजे एका माणसाच्या एका रात्रीचा खरा दर कळेल. आमच्या कागदावर सगळ्यात स्वस्त दिसणारी कंपनी या हिशेबात तिसऱ्या नंबरवर गेली. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला प्राप्तिकर, भरावा लागतो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण पैसे मात्र आजच मोजावे लागतात.

बंदरांची नावं नकाशावर तपासा. वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं ते बंदर चिवितावेकिया, रोमपासून सत्तरहून जास्त किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. ‘बँकॉक’ म्हणजे लेम चाबांग. गाडीत जाण्यायेण्याचे तास वजा केले की हातात काय उरतं ते बघा आणि आठापैकी कोण बोटीवरच थांबणार ते आधीच ठरवा. काही ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नाही; सॅन्टोरिनीला किंवा लक्षद्वीपला लहान बोटीत उतरून किनारा गाठावा लागतो. हलत्या बोटीतून दुसऱ्या हलत्या बोटीत पाय टाकणं गुडघेवाल्या माणसाला अवघड जातं. आईंना मी हे समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या, मी वरूनच बघेन. आधी कळलं म्हणून वाईट वाटलं नाही त्यांना.

कागदपत्रांना निदान चार महिने द्या. पासपोर्ट सफर संपल्यानंतर सहा महिने चालू हवा. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकलाच आहे, त्यासाठी मुंबई गाठायला नको. आपल्याकडे खरा घोळ होतो नावांचा: आईंच्या पासपोर्टवर पतीचं नाव मधे, आधारवर स्पेलिंग वेगळं, जाऊबाईंच्या पासपोर्टवर अजून माहेरचं आडनाव. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न अक्षर. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच) काढताना बोट मधे शेंगेनबाहेरच्या देशात जाऊन परत येते का ते बघा, तसं असेल तर एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणाऱ्या सफरीलाही हेच लागू. शेंगेनसाठी विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नका: बोटीवरच्या दवाखान्याचं बिल आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, आणि सासऱ्यांचा रक्तदाब ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून वगळलेला नाही ना, हे पॉलिसीत वाचा.

सामानात इस्त्री, किटली, कुकर नको, तपासणीत काढून घेतात. घरचे लाडू-चकल्या बऱ्याच कंपन्या चढू देत नाहीत; बंद पाकिटातला सुका खाऊ बहुधा चालतो, म्हणून नाशिकचा चिवडा घ्यायचा तर कंपनीच्या पाकिटातला. साबणाचे कागद घ्या. बोटीवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, हात साबणानेच धुवावे लागतात.

निघण्याच्या दिवशीच घर सोडू नका. समृद्धी झाल्यापासून इगतपुरीच्या बोगद्यातून मुंबई जवळ आली आहे, तरी बोट कोणासाठी थांबत नाही. मुंबईहून सुटणारी बोट असेल तर आदल्या दिवशीची पंचवटी एक्स्प्रेस बरी. सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर, म्हणजे बोट सुटते तो धक्का, टॅक्सीने काही मिनिटांवर. परदेशातून चढायचं असेल तर आदल्या दिवशी त्या गावात मुक्काम हवाच.

बोट सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया १३ जानेवारी २०१२ ला खडकावर आदळून कलंडली तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. घोषणा मराठीत होणार नाहीत, म्हणून मी हे घरीच शिकवलं. पुतण्या आठवडाभर तोंडाने भोंगे वाजवत फिरतोय आणि आजोबा मोजतायत.

मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधं, पासपोर्ट, चष्मे आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. आईंची पिशवी मी भरून ठेवली आहे: गुडघ्याचा पट्टा, दहा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, आलेपाक, राजगिऱ्याच्या वड्यांचं बंद पाकीट, आणि चंद्रोदयाची वेळ लिहिलेला कागद. दोन केबिन आतून जोडलेल्या आहेत हे एजंटने फोनवर सांगितलंय. ते लेखी आलं की उरलेले पैसे भरायचे.