कुणाचा कोण लागतो: नातं उलगडायची आमच्याकडची रीत

लग्नात फेटा बांधलेलं एखादं म्हातारं माणूस आपला हात धरतं अन् विचारतं, "कुणाचा रं तू?" आपण बापाचं नाव सांगतो, ते म्हणतात "मग मी तुझा आजा लागतो की", आणि आपण काही न कळता पाया पडून मोकळे. मागच्या उन्हाळ्यात अंबाजोगाईकडच्या एका लग्नात माझं हे तीनदा झालं, मग घरी येऊन वही काढली आणि आज्जीपुढं बसलो.

आज्जीचा पहिला प्रश्न, "वर सख्खे कोण?" तुमच्या आणि समोरच्याच्या वरच्या पिढ्यांत सख्खी भावंडं कोण होती ते आधी शोधा, बाकी आपोआप लागतं. दोन भाऊ असतील तर त्यांची पोरं चुलत, दोन बहिणी असतील तर मावस. भाऊ-बहीण असले की मात्र लोक गडबडतात. माझ्या आत्याचा पोरगा माझा आतेभाऊ, पण मी त्याचा आतेभाऊ नाही, मी त्याचा मामेभाऊ, कारण माझा बाप त्याचा मामा. शिकलेली पोरंही हे उलटं सांगतात.

एक पिढी वर गेलात की एक 'चुलत' वाढतो. बापाचा चुलत भाऊ म्हणजे आपला चुलत चुलता. आणि वय बघू नका, पिढी बघा. माझा एक चुलत चुलता माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, शाळेत माझ्या मागं होता, तरी चारचौघात त्याला काकाच म्हणावं लागतं, अन् तो पण ऐटीत "काय रे पुतण्या" म्हणतो.

आता आपल्या भागातला खरा गुंता. आमच्याकडं बऱ्याच घरांत आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात आणि सून सासऱ्यालाही मामाच म्हणते, सासूला आत्या. मामाची पोरगी करायची रीत आहे ना, त्यात पोरीची सासू तिची खरीच आत्या असते, तिथून हे शब्द बाकीच्या घरांतही आले. हिंदू विवाह कायद्यात (१९५५) जवळच्या नात्यातल्या लग्नाला मनाई आहे, पण रूढी असेल तर सूट आहे, म्हणून हे चालतं. अशा घरात एकच माणूस दोन्हीकडून लागतो, तेव्हा वहीत दोन्ही रेषा काढा, एक खोडत बसू नका.

लग्नानं जुळलेले लवकर उरकतो. बायकोच्या बहिणीचा नवरा साडू, नवऱ्याच्या बहिणीचा नवरा नंदावा, दोन भावांच्या बायका एकमेकींच्या जावा, पोराचा सासरा आपला व्याही. सगेसोयरे हा शब्द मराठा आरक्षणावरून २०२४ ला टीव्हीवर इतका वाजला तरी त्यात दोन शब्द आहेत हे कितीजणांच्या लक्षात आलं काय माहिती, सगे रक्ताचे, सोयरे लग्नाचे. आडनाव एक म्हणून भावकी धरू नका बरं का, जाधव अन् पवार गावोगाव आहेत, मूळ गाव आणि कुलदैवत विचारा.

वहीत लिहिताना दोन चुका मी केल्या. 'अण्णा', 'बापू', 'तात्या' एवढंच लिहिलं, तीन पानांत पाच अण्णा झाले, त्यामुळं खरं नाव लिहाच. दुसरी जास्त वाईट, कुणबी दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधायच्या वेळी भावकीतल्या एकानं काढलेली वंशावळ मी तशीच उतरवली, आणि तिच्यात एकही लेक नव्हती. पणजोबाला चार लेक अन् तीन लेकी, कागदावर फक्त चार. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं लेकाइतकाच हक्क आहे, वारस फेरफार करताना हीच नावं शोधत फिरावं लागतं. शिवाय आत्याच नसेल तर आतेभाऊ कुठून आणणार?

लेकींची नावं काही घरांत लग्नात बदलायची, म्हणून माहेरचं नाव, सासरचं नाव आणि सासरचं गाव तिन्ही लिहा. आज्जीला नावं आठवत नव्हती, गावं मात्र धडाधड सांगितली, "एक परळीला दिली, एक माजलगावला, धाकटी गंगाखेडला". त्या फेटेवाल्या आज्याचं घर गंगाखेडचं निघालं, धाकटीचा दीर, म्हणजे भावकीतला नाहीच, सोयरा.