मध्य ऑस्ट्रेलियात रेंजर कोऑर्डिनेटर व्हायचं असेल तर

पर्यावरणशास्त्र शिकायला ऑस्ट्रेलियात आलेली मराठी मुलं-मुली अधूनमधून मला विचारतात, 'ताई, वाळवंटातल्या रेंजर कोऑर्डिनेटरच्या जागेची जाहिरात बघितली, अर्ज करू का?' करा. पण आधी हे वाचा. आपल्याच जमिनीची निगा राखण्याचं पगारी काम करणारी तिथली आदिवासी माणसं म्हणजे रेंजर, आणि त्यांच्या तुकडीची व्यवस्था बघतो तो कोऑर्डिनेटर.

मी मूळची अमरावतीची. मेळघाटात कोरकू वनमजुरांबरोबर वर्षभर जंगल फिरले होते, त्यामुळे माग कसा काढतात हे आपल्याला कळतं असा माझा समज होता. नंतर तीन वर्षं पिचांचाचारा भाषा बोलणाऱ्या आनंगू आदिवासींच्या एका गावात बायकांच्या रेंजर तुकडीची कोऑर्डिनेटर म्हणून काम केलं. गावाचं नाव देत नाही, कारण तसं करायचं तर त्यांना विचारायला हवं.

जमीन कायद्यानेच त्यांची आहे, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातल्या एपीवाय लँड्सचा, म्हणजे आनंगू पिचांचाचारा यांकुनिचाचारा लोकांच्या जमिनीचा, कायदा १९८१ सालचा. क्षेत्र एक लाख तीन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा तिसरा हिस्सा, आणि वस्ती जेमतेम काही हजारांची. वरच्या बाजूला नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ चा जमीनहक्क कायदा लागू आहे. तिथल्या उलुरू या प्रचंड लाल खडकाची आणि त्याच्या राष्ट्रीय उद्यानाची मालकी २६ ऑक्टोबर १९८५ ला आनंगूंना परत मिळाली, आणि त्या उद्यानाभोवतीची सुमारे पन्नास लाख हेक्टर जमीन २०१५ पासून कटिटी-पीटरमन आदिवासी संरक्षित क्षेत्र आहे. असं क्षेत्र सरकार ताब्यात घेत नाही, लोक स्वतः जाहीर करतात. रेंजर्सच्या पगाराला केंद्र सरकार २००७ पासून पैसे देतं. परवान्याशिवाय या जमिनीवर पाऊल ठेवता येत नाही. दारू तर सामानातही नको.

कोऑर्डिनेटर हा साहेब नसतो. कुठे जायचं, कुठे जाळायचं, कुठला पाणवठा साफ करायचा हे म्हातारी माणसं ठरवतात. तुम्ही गाडी, डिझेल, पाणी, जेवण, पगारपत्रक, परवाने आणि अहवाल बघता. माझा निम्मा वेळ ऑफिसात गेला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. कागद वेळेवर गेला नाही तर पुढच्या महिन्यात म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या जागी नेता येत नाही. एकदा ज्येष्ठांच्या मानधनाची रक्कम वरच्या कार्यालयात सहा आठवडे अडकली. चार आज्या दोन दिवस आमच्याबरोबर वाळूत राबल्या होत्या आणि त्यांच्या हातात काहीच पडलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. मात्र पुढच्या फेरीला एकही आली नाही. तेव्हापासून ज्येष्ठांचे फॉर्म मी निघण्याआधीच भरून घ्यायला लागले. तुम्हीही तसंच करा. त्यांचं ज्ञान हे कौशल्याचं काम आहे, त्याचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत.

आता माग काढण्याचं सांगते. दोन हेक्टरचा तुकडा ठरवायचा, अर्धा तास फिरायचं आणि वाळूत दिसेल त्या प्रत्येक जनावराची नोंद टॅबलेटवर करायची, अशी आमची पद्धत होती. पहिल्याच महिन्यात मी एका पावलाला 'मांजर, ताजं' असं लिहिलं. शेजारची कामी, म्हणजे आजी, काठी टेकत खाली बसली. पावलाच्या कडेवरून टाचणीने ओढावी तशी एक बारीक दुहेरी रेघ गेली होती. 'हा किडा रात्री फिरतो,' ती म्हणाली. 'मांजर त्याच्याही आधी गेलंय. ताजं नाही.' मग ती उठली आणि त्याच मागावरून चालत राहिली. माग जिथे थांबला तिथे चाकुराचं बीळ होतं. चाकुरा ही लालसर, जाडसर वाळवंटी सरड्यासारखी पाल. अख्खं कुटुंब एकाच बिळात राहतं, बिळाला अनेक तोंडं असतात आणि सगळ्यांचं शौचाचं ठिकाण बाहेर एकाच जागी. त्या ढिगात पिल्लांच्या लेंड्या वेगळ्या दिसतात, त्यावरून यंदा वीण झाली की नाही ते कळतं. कामीने बोटाने एक लेंडी बाजूला सारली, दुसरी दाखवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आता लिही.' मेळघाटातलं माझं वर्षभराचं शिक्षण त्या अर्ध्या तासापुढे फार थोडं होतं.

आग समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्पिनिफेक्स हे टोकदार, राळ असलेलं गवत, पेटलं की तेलासारखं जळतं. पूर्वी माणसं पायी फिरत आणि थंडीच्या दिवसांत थोडं थोडं जाळत जात. कुठे जुनं गवत, कुठे नुकतं जळलेलं, कुठे नवी फूट, अशी जमीन गोधडीसारखी असायची. ताज्या जळितावर वाळवंटातली टोमॅटोच्या जातीची फळं येतात, घोरपडीचा माग सोपा होतो, आणि चाकुराला लपायला शेजारीच जुनं गवत असतं. मिशन आणि वस्त्यांमध्ये माणसं गोळा झाली, ते फिरणं थांबलं. मग दोन वर्षं चांगला पाऊस झाला, की गवत वाढतं आणि उन्हाळ्यात वीज पडून शेकडो किलोमीटर एकदमच जळून जातं. त्यात बफेल गवत. चाऱ्यासाठी आणि धूळ बसावी म्हणून बाहेरून आणलेलं हे गवत जळून लगेच परत उगवतं. रेंजर्सचं थंडीतलं जाळणं म्हणजे ती गोधडी पुन्हा शिवणं आहे. पण काडी कोण लावणार हे विचारल्याशिवाय आग लावायचा टॉर्च हातात घेऊ नका. त्या जागेच्या वतीने बोलू शकणारं माणूस गाडीत नसेल तर घरी परत या, जाळण्याच्या कामासाठी ठरवलेल्या हेलिकॉप्टरचे पैसे भरलेले असले तरीही.

या वाळवंटात रानटी उंटही आहेत, आणि त्यांचं नातं तर आपल्याकडे पोचतं. १८६० मध्ये एका मोठ्या शोधमोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट मेलबर्नला आणले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे मोटारी आल्यावर उंट सोडून दिले गेले. आज त्यांचे कळप खडकातली पाण्याची डबकी तळापर्यंत पिऊन टाकतात, कधी आत पडून मरतात. एका डबक्यातून सडलेला उंट काढायला आम्हाला दोर, बादल्या आणि पूर्ण दिवस लागला. संध्याकाळी म्हाताऱ्या बायका त्या पाण्याच्या जागेशी बोलल्या, आम्ही का आलो ते तिला सांगितलं. अशा वेळी फोन खिशात ठेवावा.

माझी चूकही सांगते. वर्षभराच्या कामाचं पोस्टर मी छापून ऑफिसच्या भिंतीवर लावलं, तुकडीचे हसरे फोटो घालून. दोन महिन्यांनी त्यातली एक बाई गेली. आनंगूंमध्ये गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, फोटो झाकतात. सकाळी तिची बहीण दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली. पोस्टर मला त्याच रात्री काढायला हवं होतं, ते मी दुपारी काढलं. तिच्या बहिणीने नंतर मला समजून घेतलं, पण ती सकाळ मला आजही टोचते. दुखवट्यात काम बंद असतं, एक आठवडा किंवा तीन आठवडे. तुमचं वेळापत्रक त्याआड येता कामा नये. निधी देणाऱ्यांना हे आधीच लिहून कळवा, बहुतेक जण समजून घेतात.

पुरुषांच्या जागा वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. नकाशावर रस्ता सरळ दिसला तरी सोबतची मावशी 'वीया', म्हणजे नाही, म्हणाली की गाडी वळवायची. कारण विचारायचं नाही.

बाकीचं थोडक्यात. दुर्गम भागाचं प्रथमोपचार प्रशिक्षण अर्जाआधीच करून घ्या. गाड्या नेहमी दोन, प्रत्येकीला दोन जादा टायर, सॅटेलाइट फोन चार्ज केलेला. वाळूत टायरमधली हवा निम्म्याच्या जवळ आणायला आणि टायर स्वतः बदलायला शिका. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून काम पहाटे. थंडीत रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, तेव्हा चांगली जाड वळकटी न्या. घर सहसा मिळतं. किराणा दुकानात सगळं मिळतं असं नाही, मी अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून तूरडाळ पाच-पाच किलो आणायची. संध्याकाळचा एकटेपणा खरा आहे. घरच्यांशी फोनची वेळ ठरवून ठेवा.

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायला जाऊ नका. सकाळी सातला गाडी काढा, घरोघरी जा, इंजिन बंद करून बाहेरच थांबा. कुणी येईल, कुणाचं बाळ आजारी असेल, कुणी हात हलवून उद्या म्हणेल. आजींना पुढची सीट द्या. त्या हाताने दिशा दाखवतील, तिकडे चालवा.