पोलिसांना मुस्लिम समाजाबद्दल शिकवताय? या चुका टाळा

मराठवाड्यात नव्या शिपायांच्या तुकड्यांसमोर या विषयावर बोलायला मी अधूनमधून जातो. तास हमखास जेवणानंतरचा, म्हणजे अर्धा वर्ग पेंगलेला.

पहिल्या तासाला मीच घोळ घातला. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज यांत पाऊण तास गेला. शेवटी एका पोरानं विचारलं, "सर, शुक्रवारी रस्ता किती वाजता मोकळा ठेवायचा?" मला सांगता येईना. शिपायाला धर्मशास्त्र नको असतं, घड्याळ हवं असतं. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक नमाजाची, वेळ मशिदीगणिक वेगळी असते, साधारण एक ते दोनच्या मधली. ती पेशइमामाला, म्हणजे नमाज पढवणाऱ्याला, विचारून ठाण्यात लिहून ठेवायची, झालं.

तारखांचा गोंधळ त्याहून मोठा. हिजरी वर्ष चंद्राचं, आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, आणि दिवस सुरू होतो सूर्यास्ताला. शब-ए-बारात शाबान या हिजरी महिन्याच्या 15 तारखेची, पण ती रात्र 14 शाबानचा सूर्य मावळल्यावर लागते. लोक रात्रभर कब्रस्तानात जातात आणि बंदोबस्त दुसऱ्या रात्री लागतो! एका तालुक्याच्या गावी चांद दिसलाच नव्हता, तरी कॅलेंडर बघून ईदचा बंदोबस्त लागला. सकाळी ईदगाहवर पंधरा शिपाई आणि झाडू मारणारा एक म्हातारा. त्यानंच सगळ्यांना चहा पाजला म्हणे.

मोहरमचंही तसंच. "मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा" असा फलक मी डोळ्यांनी पाहिलाय. दहावा दिवस इमाम हुसेन यांच्या शहादतीचा, शुभेच्छा कसल्या? पण निव्वळ मातम एवढंच शिकवलं तरी फसाल. आपल्याकडे खेड्यापाड्यांत पंजे आणि सवाऱ्या, म्हणजे मोहरमच्या निशाणांच्या मिरवणुका, निघतात, हलगी वाजते, नवस हिंदू घरांतूनही फेडले जातात.

"ते लोक" हा शब्द तर वर्गातून हद्दपारच करा. एकदा एका प्रशिक्षकानं बोलता बोलता विचारलं, "तुमच्यात कुणी मुस्लिम नाही ना?" तिसऱ्या रांगेतला देशमुख उभा राहिला. "आहे की सर, मी." वर्ग गप्प. आपल्या भागात देशमुख, पाटील, इनामदार मुसलमानही असतात, हे मराठवाड्याच्या माणसाला सांगावं लागावं! शिवाय बागवान, अत्तार, कुरेशी, पिंजारी या बिरादऱ्या वेगळ्या. निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचे वंशज चाऊस वेगळे. सुन्नींमध्ये बरेलवी आणि देवबंदी या दोन विचारधारांचं पटतंच असं नाही. एका मशिदीतला वाद मिटवायला दुसऱ्या विचाराचे मौलाना आणलेत, तर आगीत तेल. शांतता समितीतले तेच ते चार पांढरे कुर्ते पुरत नाहीत. मुतवल्ली, म्हणजे मशिदीचा कारभार पाहणारा, कोण आणि गल्लीत शब्द कुणाचा चालतो, हे बीट अंमलदाराला ठाऊक हवं.

दाढी, टोपी, जमातला, म्हणजे धर्मप्रचाराच्या फेरीला, जाणं हे "संशयाची लक्षणं" म्हणून दाखवणारी स्लाइड दिसली तर सरळ काढून टाका. तपास कृतीचा करायचा असतो. ती स्लाइड पाहून निघालेला शिपाई शंभर निरपराधांना थांबवतो, आणि ज्यानं खबर दिली असती तोही तोंड मिटतो. भिवंडीत 1970 आणि 1984 ला दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं पोलीस आणि रहिवासी यांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे उदाहरण सविस्तर शिकवा, वेळ वाया जाणार नाही.

शेवटचं, दार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 44 नुसार, अटकेसाठी घरात शिरताना रिवाजाप्रमाणे परद्यात राहणारी स्त्री खोलीत असेल, तर तिला आधी सूचना देऊन बाहेर पडायला वाव द्यावा लागतो. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. पूर्वीच्या संहितेतही कलम 47 मध्ये तो होताच. पण पोरांनी तो फक्त परीक्षेपुरता वाचलेला असतो.

म्हणून आता शेवटची पंधरा मिनिटं मी बोलत नाही. वर्गाचंच दार लावून घेतो आणि एकेकाला बाहेरून वाजवायला सांगतो. आवाज द्यायचा, नाव आणि ठाणं सांगायचं, महिला पोलिसाला पुढं करायचं, थांबायचं. बहुतेक जण पहिल्यांदा काठीनंच वाजवतात.