मुलांसोबत वन्यजीव संवर्धनाचे काम करताना या चुका टाळा

वन्यजीव शिक्षणाचे उपक्रम चालवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते: पहिल्या शिबिराला मुलांची गर्दी होते आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत ती निम्म्यावर येते. याचे खापर सहसा मोबाइलवर किंवा परीक्षांवर फोडले जाते. बहुतेक वेळा मात्र उपक्रमाची आखणीच चुकलेली असते, कारण तिच्यात मुलांना ऐकण्यापलीकडे काही कामच ठेवलेले नसते. जॉर्जियातील त्बिलिसी येथे १९७७ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्ये आणि सहभाग अशा पाच गटांत मांडली होती. आपले बहुतेक कार्यक्रम त्यांपैकी पहिल्या दोनांवरच संपतात.

सहभागाच्या नावाखाली होणारा देखावा ही त्यातूनच निघणारी चूक आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणायचे नाकारले. मोठ्यांनी लिहिलेल्या घोषणा देत निघालेली फेरी याच खालच्या पायऱ्यांवर येते. कोणत्या पाणवठ्याचे निरीक्षण करायचे, नोंदी कोणी ठेवायच्या, निष्कर्ष कोणासमोर मांडायचे, असे खरे निर्णय मुलांच्या हाती दिले, तर गळती कमी होण्याची शक्यता बरीच वाढते.

दुसरी चूक भीतीची. जंगले नष्ट होत आहेत, प्रजाती नामशेष होत आहेत, अशा बातम्यांचा मारा लहान मुलांवर केला, तर कळकळ वाढण्याऐवजी ती विषयापासूनच दूर पळतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी याबाबत फार पूर्वी सावध केले आहे. जी समस्या समजण्याचे आणि सोडवण्याचे वय नाही, ती मुलांच्या डोक्यावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून सुरुवात दूरच्या, रुबाबदार आणि संकटग्रस्त प्राण्यांपासून करू नये. अंगणातला कोळी, मुंग्यांची रांग, छपराखालचे घरटे रोज पाहता येते, आणि रोज पाहिलेल्या जिवाबद्दलच प्रश्न पडतात. किशोरवयीन मुलांसमोर मात्र संकटे लपवू नयेत. तसे केल्यास त्यांना आपण भोळे समजतो असे वाटते, आणि ते वाटणे चुकीचे नसते.

प्राणी हाताळू देण्याचा मोह आवरणे सर्वांत कठीण. मुलांचा उत्साह पाहून मार्गदर्शक बेडूक पकडून दाखवतो, पण उभयचरांची त्वचा पातळ व पारगम्य असते आणि हातावरचे डास पळवणारे मलम त्यांना घातक ठरू शकते. शिवाय त्यांच्या त्वचेवर रोग पसरवणाऱ्या कायट्रिड बुरशीमुळे जगभरात ५०० हून अधिक प्रजातींची संख्या घटल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ही बुरशी चिखलाने माखलेल्या बुटांवरूनही एका पाणवठ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते, म्हणून दोन ठिकाणांच्या मध्ये बूट व जाळी घासून, निर्जंतुक करून कोरडी करावीत. पक्ष्यांच्या बाबतीत नेमका उलटा गैरसमज आढळतो. पंख फुटलेले, जमिनीवर उड्या मारणारे पिल्लू अनाथ समजून मुले घरी आणतात, वास्तविक ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपासच असतात. ते जखमी नसेल, तर मांजर-कुत्र्यांना दूर ठेवून लांबून पाहावे, एवढेच काम. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आईबाप टाकून देतात, ही समजूतही निराधार आहे; ती खरी मानणाऱ्यांमुळेच घरट्यातून पडलेली, पिसे न फुटलेली पिल्ले परत घरट्यात ठेवली जात नाहीत.

नोंदी निरुपयोगी ठरण्याचे कारणही बहुधा साधे असते. मुले काही दिसले तेव्हाच लिहितात आणि काहीच दिसले नाही, त्या दिवशी वही उघडत नाहीत. परिणामी प्राणी कमी झाले की पाहणारे, हे वर्षभराने सांगता येत नाही. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, ठरलेली मिनिटे आणि शून्याचीही नोंद, एवढी शिस्त कोणत्याही महागड्या दुर्बिणीपेक्षा मोलाची आहे. ओळख पटली नसेल, तर अंदाजाने नाव न लिहिता वर्णन लिहावे. दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण शिकारी आणि गर्दी दोघेही ते वाचतात. जीवांच्या नोंदी ठेवणारे आयनॅचरलिस्टसारखे ऑनलाइन व्यासपीठ संकटग्रस्त प्रजातींचे अक्षांश-रेखांश आपोआप धूसर करते, ते याचसाठी.

सर्वांत खोल चूक मात्र वस्तीतल्या माणसांबद्दलची आहे. मुलांना घरी जाऊन मोठ्यांना समजवायला सांगितले जाते, जणू पालक अडाणी आहेत. ज्या घराचे पीक वन्य प्राण्यांनी खाल्ले आहे, तिथे मूल उपदेश करू लागले, तर घर आणि उपक्रम दोन्हींशी त्याचे बिनसते. सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावरचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात तिथला, जगात इतरत्र न आढळणारा पोपट शंभरच्या आसपास उरला होता. वनखात्याने संवर्धक पॉल बटलर यांच्यासोबत चालवलेल्या मोहिमेत लोकांना दोष न देता हा पक्षी त्यांचा अभिमान कसा आहे, हे मांडले गेले. १९७९ साली तो राष्ट्रीय पक्षी झाला आणि पुढे त्याची संख्या वाढली. आपल्याही उपक्रमात आजी-आजोबांना, गुराख्यांना, मासेमारांना जाणकार म्हणून बोलवावे. पूर्वी इथे काय दिसत असे, हे त्यांना ठाऊक असते, आणि ते मुलांनी विचारल्यावर त्यांनाही सांगावेसे वाटते.

सुरक्षिततेबद्दल फार बोलण्याची गरज नाही, पण ती गृहीत धरू नये. पालकांची लेखी संमती, दोन प्रौढांची सोबत, जवळच्या दवाखान्याचा पत्ता, आणि साप दिसल्यास मागे सरकायचे हा नियम पहिल्याच भेटीत सांगावा.

शेवटी यश मोजताना प्रश्नपत्रिकेवर थांबू नये. पाच प्राण्यांची नावे सांगता आली, म्हणजे वागणे बदलले असे होत नाही. सहा महिन्यांनी मुले न सांगता नोंदी करतात का, वस्तीने एखादा पाणवठा राखला का, हे पाहावे. जी मुले वयाने मोठी झाली, त्यांना निरोप समारंभ देऊन मोकळे करण्याऐवजी नव्या तुकडीची नोंदवही तपासण्याचे काम द्यावे. यामुळे नोंदींतली सलगताही टिकते.